खालून येणारी थंडी : हॅमॉकमधल्या उबेचा पाचशे वर्षांचा शोध

दोन झाडांमध्ये बांधलेल्या हॅमॉकमध्ये, उत्तम प्रतीची स्लीपिंग बॅग घेऊन झोपलेला माणूसही पहाटे कुडकुडत जागा होतो. छाती उबदार असते, गारठते ती पाठ. ही तक्रार आजच्या गिर्यारोहकांची वाटते, पण तिचे वय पाचशे वर्षांहून अधिक आहे. हा धागा तिच्याविषयी. 🧵

ऑक्टोबर १४९२. बहामा बेटांवरच्या घरांत कोलंबसाला कापसाच्या जाळ्यांसारखी अंथरुणे टांगलेली दिसली आणि त्याने त्यांची नोंद केली. ही घरे तैनोभाषक लोकांची होती. त्यांचा ‘हमाका’ हा शब्द स्पॅनिशमध्ये गेला आणि तिथून इंग्रजीत येऊन ‘हॅमॉक’ झाला. पुढच्या अवघ्या अर्ध्या शतकात रोगराई, वेठबिगार आणि हिंसा यांनी तैनो समाज जवळजवळ उद्ध्वस्त झाला. त्यांचे अंथरूण मात्र तोवर महासागर ओलांडून गेले होते.

युरोपीयांनी जाळी उचलली, पण तिच्याजवळची एक गोष्ट मागेच राहिली.

ती कोणती, हे ब्राझीलच्या किनाऱ्यावरून कळते. हान्स श्टाडेन हा जर्मन तोफची १५५० च्या दशकात तिथल्या तुपिनांबा लोकांच्या कैदेत होता. सुटून मायदेशी परतल्यावर १५५७ मध्ये त्याने आपली हकीकत छापली. तिच्यातली नरमांसभक्षणाची वर्णने युरोपभर गाजली आणि आजही वाचक तेवढेच शोधतात. खरे तर त्या पुस्तकातला घरगुती तपशील अधिक मोलाचा आहे. तुपिनांबा कापसाच्या जाळीत झोपतात, तिला ‘इनी’ म्हणतात आणि रात्रभर तिच्याशेजारी विस्तव जागता ठेवतात, असे तो सांगतो. १५५७-५८ मध्ये त्याच किनाऱ्यावर राहिलेल्या झाँ द लेरी या फ्रेंच माणसाच्या १५७८ च्या ग्रंथातही झुलत्या अंथरुणाजवळची ही आग भेटते. ती दुष्ट आत्म्यांना दूर ठेवते, अशी तिथली श्रद्धा होती. धुराने डास पळत असणार. आणि पाठ शेकली जाई, हे तर उघडच आहे.

म्हणजे मूळ व्यवस्थेत हॅमॉक एकटा नव्हता. जाळी आणि आग ही जोडी होती.

ही आग जहाजावर नेता येणे शक्य नव्हते. लाकडी सांगाडा, डांबर फासलेले दोर आणि पोटात बारुद! रात्री भटारखान्यातली चूलदेखील विझवली जाई. तरीही हॅमॉक जहाजाला इतका सोयीचा ठरला की १५९७ मध्ये इंग्लंडच्या नौदलाने त्याला अधिकृत मान्यता दिली. जहाज कलंडले तरी झोपलेला माणूस सरळच राहतो, आणि दिवसा गुंडाळून ठेवले की तोफांचा मजला मोकळा होतो.

मग आगीऐवजी काय? खलाशांनी हॅमॉकच्या आत गादी घातली. जाळीच्या जागी जाड कॅनव्हास आले. त्यात लोकरीच्या गाळसाळीने भरलेली पातळ गादी आणि वर घोंगडी. एका माणसाला टांगण्यासाठी मिळणारी रुंदी १४ इंच, म्हणजे हातभरही नाही. निम्मी माणसे पहाऱ्यावर असत, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट मिळे. ट्राफल्गारच्या लढाईत ‘व्हिक्टरी’ जहाजावर सुमारे ८२० माणसे होती. एवढ्या माणसांच्या श्वासाने आणि अंगाच्या उष्णतेने मजला तापत असे. इथे शेजारीच विस्तव झाला होता, असे म्हटले तरी चालेल! (दिवसा हीच गुंडाळलेली अंथरुणे जहाजाच्या कठड्यावर रचली जात, म्हणजे बंदुकीच्या गोळ्या त्यांत अडकाव्यात. आणि समुद्रावर मरण आलेल्या खलाशाला त्याच्याच हॅमॉकमध्ये शिवून, पायाशी तोफगोळे बांधून जलसमाधी दिली जाई.)

गादी आत घालण्याचा उपाय अर्धवट का होता, याचे उत्तर १७९२ मध्ये मिळाले. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याने तापमापकाच्या गोळ्याभोवती रेशीम, लोकर, कापूस, सशाचे केस, आयडर बदकाची पिसे असे पदार्थ भरले आणि तो थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. पिसे आणि सशाचे केस सरस ठरले. त्याचा निष्कर्ष असा की ऊब राखते ती त्या पदार्थात अडकून स्थिर राहिलेली हवा.

हॅमॉकचे दुखणे नेमके इथे आहे. माणूस झोपला की त्याच्या वजनाने पाठीखालची पिसे वा लोकर चेपते आणि तिच्यातली हवा निघून जाते. उरते ते नुसते कापड. जमिनीवर निदान वारा तरी खालून लागत नाही. हॅमॉकखालून मात्र तो अखंड वाहतो आणि त्या कापडातून उष्णता ओढून नेतो. घडीवर घडी घातलेली वाकळ अंगाखाली का अंथरतात, हे ज्याने थंडीत उघड्या ओट्यावर रात्र काढली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

या सगळ्या कहाणीतला सर्वात अनपेक्षित प्रसंग आर्क्टिकमधला आहे. १८१९-२० मध्ये विल्यम एडवर्ड पॅरीची ‘हेक्ला’ आणि ‘ग्रायपर’ ही जहाजे मेलव्हिल बेटाजवळ बर्फात अडकून राहिली. सुमारे तीन महिने सूर्य दिसला नाही. पारा शून्याखाली ४८ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. माणसे जहाजाच्या भिंतींना लागून बांधलेल्या लाकडी पलंगांत झोपत होती. वरकरणी ती जागा आडोशाची, म्हणून उबदार वाटावी. घडले उलटेच. माणसांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ त्या थंड भिंतींवर जमे, तिथेच गोठे, आणि जरा ऊब मिळताच वितळून अंथरुणात झिरपे. ओल्या अंथरुणात महिनोन्‌महिने झोपणे म्हणजे आजाराला आमंत्रण, आणि स्कर्व्हीची टांगती तलवार डोक्यावर होतीच. पलंगांतला बर्फ खरवडून काढणे हे एक नित्याचे काम होऊन बसले.

पॅरीने यातून धडा घेतला. १८२१ च्या दुसऱ्या मोहिमेसाठी त्याने भिंतीलगतचे पलंग काढून टाकले आणि हॅमॉक टांगले. थंडीसाठी झुलते अंथरूण हा निर्णय वेडेपणाचा वाटेल, पण त्यामागचे तर्कशास्त्र पक्के होते. हॅमॉक थंड भिंतीला टेकत नाही, भोवती हवा खेळते, सकाळी तो उचलून वाळवता येतो. म्हणजे कोरडेपणा ही उबेची पहिली अट, हे त्याने ओळखले होते. जोडीला सिल्व्हेस्टर नावाच्या अभियंत्याची गरम हवा खेळवणारी भट्टीही जहाजांवर बसवण्यात आली. १८२४-२५ च्या तिसऱ्या मोहिमेत तर ती जहाजाच्या अगदी तळाशी ठेवली होती. झोपणाऱ्यांच्या खाली विस्तव! तुपिनांबांच्या घरातली मांडणी, पॅरीला बहुधा त्याची कल्पनाही नसताना, उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात पुन्हा उभी राहिली.

स्लीपिंग बॅगचा इतिहास मात्र जमिनीवरचा आहे. १८८८ मध्ये ग्रीनलंड ओलांडताना नॅन्सनच्या सहा माणसांनी रेनडिअरच्या कातड्याच्या दोन पिशव्या नेल्या, प्रत्येकीत तिघे. १९११ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड यांच्या पिशव्या घाम आणि श्वासाच्या वाफेने गोठून फळीसारख्या कडक झाल्या. आत शिरायचे तर आधी अंगाच्या उबेने त्या इंच-इंच वितळवाव्या लागत. पॅरीच्या पलंगांतली ओल इथे थेट अंथरुणात शिरली होती.

अंगाखालच्या पॅडचा मोठा टप्पा १९७० च्या दशकारंभी आला. सिअॅटलमध्ये बोइंगची नोकरी गेलेल्या अभियंत्यांनी फोम आणि हवा एकत्र बांधणारी, आपोआप फुगणारी गादी तयार केली आणि १९७२ मध्ये कंपनी काढली. वजनाखाली न चेपणारी हवा! जमिनीवर झोपणाऱ्यांचा प्रश्न बराचसा सुटला. हॅमॉकवाल्यांचा सुटला नाही. झोळीच्या गोलाईत सपाट पॅड सरकते, खांदे बाहेर राहतात, आणि रात्री कूस बदलली की शोधाशोध. त्यावर कापडाचे दोन थर शिवून मधल्या कप्प्यात पॅड सरकवण्याची युक्ती निघाली. ती आजही चालते.

गेल्या दोन-अडीच दशकांत रुळलेला उपाय त्याहून साधा आहे. पिसांची रजई हॅमॉकच्या आत न घालता बाहेरून, खालच्या बाजूला टांगायची. तिच्यावर वजन येत नाही, म्हणून ती चेपत नाही, आणि रम्फर्डची स्थिर हवा जागच्या जागी राहते. ती टांगणे हे मात्र हाताचे काम आहे. दोरी सैल राहिली तर मधल्या फटीतून वारा शिरतो, फार ताणली तर पिसे दबतात. म्हणून अनुभवी माणूस आधी आत आडवा होतो, हात बाहेर काढून खालून चाचपतो, आणि रजई पाठीला जेमतेम टेकेल इतपत दोरी आवळतो.