३१ ऑक्टोबर २०१२: एका घोट्याची किंमत

'एक्स्टेन्शन' हा शब्द नुसता ऐकला तरी आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या पोटात गोळा येतो. कुणाचं व्हिसाचं एक्स्टेन्शन, कुणाचं प्रोजेक्टचं. २०१२ च्या शरदात मी नुकताच एम.एस. संपवून बे एरियात एका क्लायंटकडे कॉन्ट्रॅक्टवर लागलो होतो. करार सहा महिन्यांचा. पुढे वाढणार की नाही, हे शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी सांगेना. रोज संध्याकाळी बार्टमधून घरी येताना एक सहप्रवासी पेपरमधलं खेळाचं पान माझ्या नाकासमोर धरून बसायचा, आणि त्या पानावरही तोच प्रश्न असायचा: गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने स्टीफन करी नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराचा करार वाढवावा की थांबावं?

मला तोवर बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हा प्रश्न कळला! तेव्हापासून त्याचा इतिहास वाचायचा नाद लागला, तो आजतागायत.

आधी नियम कसे आले ते सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. १९९४ साली मिलवॉकी बक्सने ग्लेन रॉबिन्सनला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलं. ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची वाटणी. कोणता संघ कोणाला घेणार हे त्यात ठरतं. एकही सामना न खेळलेल्या या पोराने मागणी केली १० कोटी डॉलरची! शेवटी दहा वर्षांना ६.८ कोटींवर मिटलं. मालक मंडळी हादरली. आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, पण पाळण्यातल्या पायांवर दहा वर्षांचा पगार कोण लावणार? १९९५ च्या करारात नियम झाला की नवख्याचा पगार निवडीच्या क्रमांकानुसार ठरलेला असेल, आणि करार तीन वर्षांचा असेल. म्हणजे चक्क प्रोबेशन.

पण प्रोबेशन लावलं की 'कायम कधी करणार' हा प्रश्न आलाच. तो पहिल्यांदा मोठ्याने विचारला केविन गार्नेटने. १९९५ मध्ये तो शाळेतून थेट एनबीएत आला; तसं करणारा वीस वर्षांतला तो पहिलाच. दोन वर्षं खेळून झाल्यावर १९९७ मध्ये त्याच्या मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज संघापुढे पेच पडला. आत्ताच करार वाढवायचा, की तिसरं वर्ष खेळवायचं? तिसऱ्या वर्षानंतर तो मोकळा होणार होता, कुठेही जायला. संघाने सहा वर्षांचे १०.३५ कोटी डॉलर देऊ केले. एकवीस वर्षांच्या गार्नेटने नको म्हटलं. आणि १ ऑक्टोबर १९९७ ला, मुदत संपता संपता, सहा वर्षांचे १२.६ कोटी घेतले. मालक ग्लेन टेलर यांनी अख्खा संघ विकत घेतला होता तो सुमारे ८.८ कोटींना! घरापेक्षा एका खांबाची किंमत जास्त.

टेलर वेडे नव्हते. गार्नेट सुटून गेला असता तर त्या छोट्या शहराच्या संघाकडे उरलं काय असतं? पण बाकीच्या मालकांनी त्या आकड्याची धास्ती घेतली. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९९८ ला, त्यांनी टाळेबंदी जाहीर केली. (टाळेबंदी हा शब्द आपण गिरणगावामुळे ओळखतो. इथे मात्र टाळं लागलं ते लक्षाधीश कामगारांना.) ती जानेवारी १९९९ पर्यंत चालली आणि ८२ सामन्यांचा मोसम ५० वर आला. त्यातून आज ओळखीची असलेली चौकट उभी राहिली. खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा आली. नवख्याचा करार चार वर्षांपर्यंत नेण्याची मुभा संघाला मिळाली. आणि चार वर्षांनंतरही पोरगा पूर्ण मोकळा नाही: दुसऱ्या संघाने देऊ केलेली रक्कम मूळ संघाने भरली, तर त्याला तिथेच राहावं लागतं.

२०१२ मध्ये याचा अर्थ असा होता. तिसरा मोसम संपला की बोलणी सुरू, आणि ३१ ऑक्टोबरला रात्री दार बंद. तोवर जमलं तर करार वाढला. नाही जमलं तर चौथं वर्ष खेळा आणि पुढच्या उन्हाळ्यात बघू. संघाच्या दृष्टीने थांबण्यात एक वर्षाची जास्त माहिती मिळते. पण पोरगा चमकला तर भाव वाढतो. पोराच्या दृष्टीने थांबण्यात भाव वाढायची आशा, आणि गुडघा मोडला तर सगळंच गेलं. या प्रश्नात 'किती' पेक्षा 'केव्हा' जास्त छळतं, असं माझं मत आहे.

आता करीचा घोटा. पहिल्या वर्षी तो ८० सामने खेळला, दुसऱ्या वर्षी ७४. तिसऱ्या वर्षी ६६ सामन्यांच्या आखूड मोसमात फक्त २६. उजवा घोटा सारखा मुरगळत होता. मे २०११ मध्ये एक शस्त्रक्रिया, एप्रिल २०१२ मध्ये दुसरी. त्याचा नेम उत्तम आहे याबद्दल वाद नव्हता, पण ज्याचा पाय कोर्टावर टिकत नाही त्याच्या नेमाचं करायचं काय?

वॉरियर्सच्या कचेरीत त्या दिवसांत कोणती उदाहरणं डोळ्यांपुढे असतील, हे ओळखणं अवघड नाही. पोर्टलंडच्या ब्रँडन रॉयला २००९ मध्ये पाच वर्षांचा, सुमारे ८ कोटींचा करार मिळाला. गुडघ्यांनी दगा दिला आणि डिसेंबर २०११ मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. शिकागोचा डेरिक रोझ २०११ मध्ये बाविसाव्या वर्षी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, इतका तरुण आजवर दुसरा कुणी नाही. डिसेंबरमध्ये त्याला ९ कोटींच्या वर रकमेचा करार मिळाला, आणि २८ एप्रिल २०१२ ला त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ही गोष्ट करीच्या बोलण्यांच्या जेमतेम सहा महिने आधीची. यात शिकागोने काही चूक केली का? अजिबात नाही. त्या डिसेंबरात दुसरं कुणीही हेच केलं असतं.

वॉरियर्सचा जनरल मॅनेजर होता बॉब मायर्स. काही महिन्यांपूर्वीच पदावर आलेला, आणि त्याआधी खेळाडूंचा एजंट म्हणून टेबलाच्या पलीकडे बसणारा. ३१ ऑक्टोबरला दोन्ही बाजूंनी सही केली: चार वर्षं, ४.४ कोटी डॉलर. त्याच दिवसांत डेनवरने टाय लॉसनला चार वर्षांचे ४.८ कोटी दिले. म्हणजे बाजाराच्या मते लॉसन करीपेक्षा भारी! आज हसू येतं. पण त्या दिवशी बरेच जण म्हणत होते की वॉरियर्सने मोडक्या पायाला जास्त मोजले.

मला या सहीत दोन विमे दिसतात. करीने घोट्याचा विमा काढला आणि वॉरियर्सने भाववाढीचा. हप्ता दोघांनी भरला. फरक एवढाच की करीचा हप्ता फार महाग पडला, आणि तो भरताना त्याला ते कळायचा काही मार्ग नव्हता.

याच्या चार दिवस आधी, २७ ऑक्टोबरला, ओक्लाहोमा सिटी थंडरने नेमका उलटा निर्णय घेतला होता. करीच्याच वर्षीच्या ड्राफ्टमधला जेम्स हार्डन. केविन ड्युरंट आणि रसेल वेस्टब्रुक यांच्याबरोबर तो जूनमध्येच अंतिम फेरी खेळून आला होता. ड्युरंट आणि वेस्टब्रुकचे मोठे करार आधीच झालेले, ऑगस्टमध्ये सर्ज इबाकाचाही झाला. हार्डनसाठी सॅम प्रेस्टीने चार वर्षांचे सुमारे साडेपाच कोटी ठेवले. हार्डनला कमाल रक्कम हवी होती, म्हणजे सुमारे सहा कोटी. फरक पन्नास लाख डॉलरच्या आसपास. आपल्याला ती रक्कम डोंगराएवढी, पण त्या धंद्यात ती चिल्लर. मात्र २०१३ पासून ठरावीक मर्यादेवर खर्च करणाऱ्या संघांना दंडासारखा जबर कर लागणार होता आणि ओक्लाहोमा हे छोटं शहर. प्रेस्टीने हार्डनला ह्यूस्टनला देऊन टाकलं. ह्यूस्टनने ३१ तारखेला त्याला पाच वर्षांचे सुमारे ८ कोटी दिले.

इथे माझं मत लोकांपेक्षा थोडं वेगळं आहे. थंडरने हार्डनची किंमत चुकीची लावली, असं सगळे म्हणतात. मला वाटतं किंमत फारशी चुकली नव्हती, वेळ चुकली. ३१ तारीख उलटली असती तरी हार्डन कुठे पळून जाणार नव्हता! चौथं वर्ष त्यांच्याकडेच खेळला असता, आणि पुढच्या उन्हाळ्यात आलेली रक्कम भरायचा हक्कही त्यांचाच होता. म्हणजे त्याच त्रिकुटाला विजेतेपदाची आणखी एक संधी मिळाली असती. ती त्यांनी आपल्या हाताने सोडली. २०१३ मध्ये पहिल्याच फेरीत थंडरची गाठ पडली ती नेमकी हार्डनच्या ह्यूस्टनशी. मालिका थंडरने जिंकली, पण तिच्यात वेस्टब्रुकचा गुडघा गेला आणि पुढच्या फेरीत ते गारद झाले. हार्डन २०१८ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

करीचं पुढे काय झालं ते आपल्यापैकी न बघणारेही जाणतात. पहिल्याच मोसमात ७८ सामने आणि २७२ थ्री-पॉइंटर, तेव्हाचा विक्रम. २०१५ मध्ये विजेतेपद, त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम खेळाडूचा मान. आणि पगार? २०१६-१७ मध्ये तो स्वतःच्याच संघात चौथ्या क्रमांकावर होता, सुमारे १.२ कोटी. इथे नशिबाचा भाग येतो. २०१४ मध्ये एनबीएचा टीव्ही कंपन्यांशी नवा करार झाला आणि २०१६ च्या उन्हाळ्यात संघांच्या पगाराची मर्यादा ७ कोटींवरून एकदम ९.४ कोटींवर गेली. सगळ्यांच्या खिशात एकदम जागा झाली. वॉरियर्सकडे करी स्वस्तात होता, म्हणून ड्युरंटसारखा खेळाडू त्याच उन्हाळ्यात त्यांना घेता आला. २०१२ मध्ये सही करताना मायर्सला हे दिसत होतं का? शक्यच नाही. मुरगळलेल्या घोट्याने त्यांना ड्युरंट मिळवून दिला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही.

वडील डेल करी स्वतः सोळा मोसम एनबीए खेळलेले. दुसऱ्याचे पैसे मोजू नये, ही त्यांची शिकवण स्टीफनने नंतर सांगितली. २०१७ मध्ये त्याला पाच वर्षांचे २०.१ कोटी मिळाले, २० कोटींच्या वरचा पहिलाच करार.

थांबून फायदा करून घेणारेही आहेत. सॅन अँटोनिओ स्पर्सने २०१४ मध्ये काव्हाय लेनर्डचा करार मुद्दाम वाढवला नाही, आणि तोही अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरल्यावर! कारण हिशेबी होतं. सही झाली नाही तोवर त्याच्यासाठी पगाराच्या मर्यादेत ७० लाखांच्या आसपास जागा राखावी लागे, झाल्यावर १.६ कोटींच्या वर. मधल्या जागेत त्यांनी २०१५ मध्ये लमार्कस ऑल्ड्रिजला बसवलं, मग लेनर्डला पाच वर्षांची कमाल रक्कम दिली. २०१८ मध्ये लेनर्ड संघ सोडून गेला खरा, पण ते भांडण दुखापतीवरच्या उपचारांचं होतं, या उशिराशी त्याचा संबंध जोडणं बरोबर नाही.

त्या २०१२ च्या हिवाळ्यात माझे आईबाबा आले होते. बाबांना ओकलंडला सामना दाखवायला नेलं. वॉरियर्स तेव्हा तिथेच खेळत. मी उत्साहाने करीची सगळी कथा सांगितली. बाबा एका सरकारी खात्यात सात वर्षं रोजंदारीवर होते, मग कायम झाले. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "म्हणजे तिसऱ्या वर्षीच कायम केला? आणि पाय दुखत असताना?" नंतर सामन्यापेक्षा ते त्याच्या घोट्याकडेच बघत बसले होते. माझं एक्स्टेन्शन तेव्हा तीन महिन्यांचं झालं होतं, ते मी त्यांना सांगितलं नाही.

जून २०२५ मध्ये ओक्लाहोमाच्या थंडरने पहिलं विजेतेपद मिळवलं. जनरल मॅनेजर अजून तोच, सॅम प्रेस्टी. यावेळी पुन्हा तीन तरुण होते: शे गिल्जस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स आणि चेट होल्मग्रेन. विल्यम्स अंतिम फेरी मनगटाचा लिगामेंट फाटलेला असताना खेळला, आणि संपल्यावर त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. होल्मग्रेनचा पहिला अख्खा मोसम पायाच्या दुखापतीत गेला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये खुब्याचं हाड मोडल्याने तो कित्येक आठवडे बाहेर होता. जुलैमध्ये, ऑक्टोबरची वाट न बघता, प्रेस्टीने तिघांचेही करार वाढवले. सगळे मिळून ८२ कोटी डॉलरपर्यंत जातील.

मी फोनवर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "तिघांनाही? एकाच महिन्यात?" आणि मग थोडं थांबून, "त्या खुब्याचं काय म्हणालास?"