त्वचेच्या नमुन्याचा रिपोर्ट बिघडतो कुठे?

चंदगड, खानापूर, निपाणी भागातले पेशंट चामडीच्या आजारासाठी बेळगावला येतात. कित्येकदा डॉक्टर एकीकडे, लॅब दुसरीकडे आणि नमुना नातेवाइकांच्या पिशवीत. ‘नमुना अपुरा’ असा रिपोर्ट आला की लोक लॅबला बोल लावतात. पण गडबड अनेकदा त्याआधीच झालेली असते.

फोडांच्या आजारात स्वस्त आणि झटपट तपासणी म्हणजे झांक स्मिअर. फ्रेंच डॉक्टर आर्नो झांक यांनी १९४७ मध्ये ती पुढे आणली. त्यासाठी ताजा, न फुटलेला, पू न झालेला फोड लागतो. चार-पाच दिवस मलम चोपडून आलेला फोड फारसा उपयोगाचा नाही. ब्लेडने फोड एका बाजूने उघडतात, पाणी टिपून घेतात आणि तळ हलकेच खरवडतात. महत्त्व आहे ते या तळाच्या पेशींना, पाण्याला नव्हे. जोर लावला तर रक्त येतं आणि स्लाइडवर तेच दिसत राहतं. खरवडलेलं काचेवर पातळ पसरायचं, रगडायचं नाही, नाहीतर पेशी चिरडतात. मग स्लाइड हवेत वाळवून गिम्सा रंग देतात. नागीण, कांजिण्या किंवा ओठावरच्या हर्पिसमध्ये अनेक केंद्रकं असलेल्या मोठ्या पेशी सापडतात. मात्र यातला आजार नेमका कोणता, हे स्लाइड सांगत नाही. पेम्फिगसमध्ये एकमेकींपासून सुटलेल्या गोल पेशी दिसतात. तिथे खात्रीसाठी बायोप्सी लागतेच.

पॅप रंग द्यायचा असेल तर सगळं उलटं: स्लाइड ओली असतानाच ९५ टक्के अल्कोहोलमध्ये बुडवावी लागते. म्हणून लॅबला आधी विचारलेलं बरं. स्लाइडवर नाव पेन्सिलीने. पेनची शाई अल्कोहोलमध्ये धुऊन जाते.

बायोप्सीचा तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात, तुकड्याच्या निदान दहापट द्रावणात. इम्युनोफ्लुरोसन्ससाठीचा तुकडा मात्र फॉर्मॅलिनमध्ये टाकला की संपलं. त्याचं द्रावण वेगळं. आणि फॉर्मॅलिनची बाटली व वाळवलेल्या स्लाइड एकाच डब्यात नेऊ नयेत. झाकण घट्ट वाटलं तरी वाफ लागते आणि पेशींवर रंग नीट चढत नाही. ही चूक फार होते, कारण पिशवी एकच असते! बाटली वाटेत उघडू नये, बर्फातही ठेवू नये.

वाढणारा, रंग बदलणारा काळा तीळ खरवडून तपासायचा नसतो. डॉक्टर शक्यतो तो पूर्ण काढून पाठवतात, कारण आजार किती खोल गेलाय हे मोजायचं असतं. असा तीळ चुना किंवा ॲसिड लावून आधीच जाळला तर मोजायला उरतं काय?

सीमाभागाची आणखी एक अडचण नावाची. आधारवर एक स्पेलिंग, चिठ्ठीवर कन्नडमध्ये दुसरं, बाटलीवर तिसरंच. नमुना देताना बाटली आणि फॉर्म शेजारी धरून नाव, वय, शरीराची जागा, डावी की उजवी बाजू जुळवून घ्यावी. फोड किती दिवसांचा आणि कोणतं औषध चालू आहे, हेही फॉर्मवर लिहून घ्यावं.