मंडईभोवतीचे वाडे आणि त्यांतील बिऱ्हाडे

पुण्यात शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा भाजीबाजार 1886 मध्ये शुक्रवार पेठेतील रे मार्केटमध्ये, म्हणजेच आजच्या महात्मा फुले मंडईत आला, तेव्हा या बाजारावर पोट असलेल्या माणसांना कामाजवळ निवारा मिळणे अगत्याचे झाले. जिवाजीपंत खासगीवाले यांनी पेशवाईत वसवलेल्या या पेठेत ही गरज नव्या वसाहतींपेक्षा जुन्या वाड्यांनीच अधिक भागवली.

वाड्याची रचनाच विभागणीला अनुकूल होती. मधल्या चौकाभोवती ओसरी, माजघर आणि वर माडी अशी मांडणी असे, आणि जागा ‘खणां’त, म्हणजे दोन लाकडी खांबांमधील अंतराच्या मापाने मोजली जाई; त्यामुळे दोन-तीन खणांमध्ये पडभिंत घालून स्वतंत्र खोल्या पाडणे सोपे होते. 1818 मध्ये पेशवाई संपली, अनेक घराण्यांचे उत्पन्न आटले आणि पुढे रेल्वे, सरकारी कचेऱ्या व शाळा-महाविद्यालये यांच्यामुळे शहरात माणसे येऊ लागली, तशी मालकांनी ओसऱ्या बंद करून, माड्या चढवून आणि परसात खोल्या बांधून बिऱ्हाडे, म्हणजे भाड्याने राहणारी कुटुंबे, ठेवली. नळ आणि शौचकूप सामायिक असल्याने या राहणीत गैरसोय मोठी होती; तरीही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला शहराच्या मध्यभागी, पायी जाण्याच्या अंतरावर काम, शाळा आणि बाजार मिळत होता, हे तिचे मोल कमी लेखता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरटंचाई वाढल्यावर 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हा प्रमाण भाड्याचा आधार ठरवला. या कायद्याने असंख्य कुटुंबांना बेघर होण्यापासून वाचवले. परंतु महागाई वाढत असताना भाडे गोठल्याने छपराची कौले आणि कुजलेल्या तुळया बदलण्याचा खर्चही त्यातून निघेना, आणि मालक व भाडेकरू यांच्या वादात वाडे खचत गेले. वर्षाला 4 टक्के भाडेवाढीची मुभा देणारा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला, तोवर पुष्कळ वाडे दुरुस्तीपलीकडे गेले होते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2016 नंतर प्रस्थापित वस्त्यांमध्ये मूळ घराच्याच आवारात दुसरे छोटे घर बांधण्याचे नियम सैल केले. वस्तीतच भर घालण्याचा हा मार्ग मंडईच्या परिसराने त्याच्या कितीतरी आधी चोखाळला होता. त्या अनुभवाचा निष्कर्ष असा की, छोटी घरे वाढवून जुनी वस्ती नव्या माणसांना सामावून घेऊ शकते, पण भाड्यातून देखभाल भागली नाही तर तीच घरे धोकादायक ठरतात. म्हणून वाड्यांच्या पुनर्विकासात दोन खणांच्या भाडेकरूला त्याच पेठेत परवडणारी जागा आणि मालकाला देखभालीपुरते उत्पन्न, या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्या पाहिजेत. यांपैकी एकीचाच विचार करणारे धोरण अपुरे ठरेल.