समुद्राकाठची वाट आणि पगारी रजा

दक्षिण फ्रान्सच्या रिव्हिएरा किनाऱ्याचे नाव निघाले की श्रीमंतांची चैन डोळ्यांपुढे उभी राहते. आम्ही मात्र तेथला इतिहास वाचताना एकच विचारीत आलो : विसावा कोणाचा, आणि राबणे कोणाचे?

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रज धनिक व छातीचे रोगी हिवाळ्यात नीस येथे येऊन राहू लागले. गाव तेव्हा सार्डिनियाच्या राज्यात होते. फ्रान्सकडे गेले ते 1860 मध्ये. 1820-21 चा हिवाळा फार कडक गेला. बेकार, भुकेली माणसे रस्त्यावर आली. तेव्हा लुईस वे या इंग्रज पाद्र्याने आपल्या लोकांत वर्गणी जमवून त्यांना काम दिले. काम कसले, तर पाहुण्यांना समुद्राकाठी फिरावयास पायवाट बांधण्याचे! दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांच्या आमच्या मुलखात याची फोड करावयास नको. तीच आजची प्रसिद्ध प्रोमेनाद देझांग्ले, म्हणजे इंग्रजांचा फिरण्याचा रस्ता. वर्गणी देणाऱ्यांचे नाव वाटेला लागले, खणणाऱ्यांचे नाही.

1864 मध्ये आगगाडी आली, पुढे राजेरजवाडे आले, व्हिक्टोरिया राणीही आली. ते असो.

कामगाराला या किनाऱ्याची वाट खुली झाली ती 1936 साली. मे-जूनमध्ये फ्रान्सभर संप पेटले. संपवाले घरी गेले नाहीत. कारखान्यांतच ठाण मांडून बसले. 20 जूनला लिऑन ब्लूम यांच्या सरकारने कायदा केला : वर्षभर नोकरी झालेल्यास पंधरा दिवसांची पगारी रजा. पण रजा मिळाली तरी गाडीभाडे कोठून आणावयाचे? आमच्या मते खरी मेख येथेच होती. उपमंत्री लिओ लाग्रांज यांनी ती ओळखली आणि रेल्वेकडून शेकडा 40 सवलतीचे तिकीट मिळविले. विरोधकांनी त्यांच्या खात्याला 'आळसाचे मंत्रालय' म्हणून हिणविले. त्या वर्षी अशी सुमारे सहा लाख तिकिटे खपली. पुष्कळजण आपल्या खेड्यातच गेले, जसा आपला गिरणीकामगार गणपतीला कोकणात जाई. काहींनी मात्र जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला.

रजेचा तिसरा आठवडा 1956 मध्ये, चौथा 1969 मध्ये, पाचवा 1982 मध्ये मिळाला. हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या बायांना मात्र ऑगस्ट महिना सर्वांत जड जातो.

2021 मध्ये युनेस्कोने नीसला जागतिक वारशाचा मान दिला, तो 'रिव्हिएरावरील हिवाळी विश्रामनगर' या नात्याने. सवलतीच्या तिकिटावर आलेले लोक उन्हाळ्यात आले होते.