मिझो बंडाळी : लष्करी नकाशा व झूमची शेती

मिझो बंडाळीचा वृत्तान्त बहुधा २८ फेब्रुवारी १९६६ च्या रात्रीपासून सांगण्यात येतो. लष्करी दृष्टीने ते युक्तच होय. परंतु त्या डोंगरातील माणसावरचे संकट त्यापूर्वीच सुरू झाले होते. १९५९ च्या सुमारास बांबूला फुलोरा आला, उंदीर बेसुमार वाढले आणि उभी पिके फस्त झाली. या दुष्काळास मिझो लोक ‘मौतम’ म्हणतात. जिल्हा मंडळाने आगाऊ दिलेला इशारा आसाम सरकारने गंभीरपणे घेतला नाही. दुष्काळनिवारणार्थ निघालेल्या लालडेंगा यांच्या संघटनेतूनच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट हा पक्ष जन्मास आला, ही गोष्ट सूचक आहे.

मार्च १९६६ मध्ये ऐजॉलवर विमानांतून मारा झाला. जानेवारी १९६७ पासून गावे उठवून हमरस्त्यांलगत एकत्र वसविण्याची योजना अमलात आली. या वसाहतींना ‘संरक्षित व प्रगतिशील गावे’ असे (काहीसे धाडसीच!) नाव देण्यात आले. बंडखोरांचा दाणागोटा तोडणे हा तिचा हेतू. नमुना मलायातील ब्रिटिश योजनेचा होता. परंतु मलायात हलविलेल्यांत रबराच्या मळ्यांवरील व कथिलाच्या खाणींतील मजूर पुष्कळ होते. त्यांची मजुरी चालू राहू शकत होती. मिझो गावकऱ्याचे पोट झूमवर. झूमचे शेत दरवर्षी बदलते, ते गावापासून कोसभर दूर असू शकते, आणि पीक तयार होऊ लागले की राखणीसाठी शेतातल्या खोपटात रात्री काढाव्या लागतात. संचारबंदी व हजेरीपट यांनी नेमके हेच अशक्य केले. वसाहतीभोवतीच्या मोजक्या उतारांवर गर्दी झाली, जमिनीला विश्रांती मिळेना, उत्पन्न घटले. ज्या भाताची वाट अडवायची होती ते भातच पिकेनासे झाले आणि शेतकरी सरकारी शिध्यावर आला.

योजना लष्करीदृष्ट्या यशस्वी झाली की नाही, यावर मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकास तो प्रश्नच अपुरा वाटतो. सुरक्षित कोण झाले, हे विचारले म्हणजे चौकीच्या नोंदीइतकेच कोठाराचे मोल साधन म्हणून वाढते. ३० जून १९८६ च्या कराराने शस्त्रे खाली ठेवली गेली. गटवसाहतींतील अनेक कुटुंबे मात्र मूळ गावी परतलीच नाहीत. त्या ओस पडलेल्या गावांची नावे वृद्धांच्या तोंडी आहेत, तोवर ती टिपून घेतली पाहिजेत.