पिलेगाच्या साली पुण्यात काय घडलं



परवा गटाच्या बैठकीत पेन्शनचे अर्ज भरत होतो. जन्मतारखेवरून बोलणं निघालं, तेव्हा आमच्यातली सर्वांत वयस्कर बाई म्हणाली, "माझ्या आजेसासूला तारीख कुठली? ती पिलेगाच्या सालची." तरण्या सुना हसल्या आणि एकीनं विचारलं, पिलेग म्हणजे काय? तेव्हाच ठरवलं, या वेळी रेडिओवर हेच सांगायचं.

पिलेग म्हणजे प्लेग. जुन्या वर्तमानपत्रांत त्याला ग्रंथिक सन्निपात म्हणत. कडक ताप यायचा आणि काखेत नाहीतर जांघेत गाठ उठायची. त्या काळी औषध नव्हतं. आजारी पडलेल्यांतली निम्म्याहून जास्त माणसं दगावत. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. मुंबईकर गाव गाठायला निघाले आणि रेल्वेबरोबर रोगही पुण्याला पोचला.

सरकार घाबरलं, आणि घाबरण्यासारखंच होतं, हे आधी मान्य करू. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. फक्त चार कलमांचा. साथ रोखायला सरकारला वाटेल तो नियम करता येईल, मोडणाऱ्याला शिक्षा होईल. आणि चौथं कलम असं की, अधिकाऱ्यानं चांगल्या हेतूनं काही केलं, तर त्याच्यावर दावा लावता येणार नाही. हे चौथं कलम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पुण्याचं काम वॉल्टर रँड या अधिकाऱ्याकडे दिलं. १३ मार्चपासून गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही सोडलं नाही. आजारी सापडला की त्याला दवाखान्यात न्यायचं, घरच्यांना गावाबाहेरच्या छावणीत. अंथरूण-पांघरूण जाळायचं, जमीन उकरायची, भिंतींना चुना मारायचा. आणि गाठ आहे का ते बघायचं. कुठे? काखेत आणि जांघेत. परक्या पुरुषांनी, परक्या भाषेत बोलणाऱ्यांनी, कधी चारचौघांत. ज्या घरातली बाई सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नव्हती, त्या घरात.

मग लोक काय करणार? आजारी माणूस लपवू लागले. माळ्यावर, कोठीत, रातोरात दुसऱ्या गावाला. ज्या रोगाला कोंडायचं होतं, त्याला ही भीतीच गावोगाव घेऊन गेली.

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, दुःखच, ते पुढे कळलं. पॉल-लुई सिमोंड या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं की प्लेग उंदरावरच्या पिसवेतून पसरतो. म्हणजे माणसांची झडती चालली होती आणि उंदीर शेजारच्या घरात निघून जात होते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या हे वेगळ्या शब्दांत सांगायच्या: उंदीर पडायला लागले की घर सोडावं, माळावर झोपडी घालावी. झडतीपेक्षा हा उपाय खेड्यांत जास्त उपयोगी पडला आणि पुढे सरकारनंही तो उचलून धरला.

याच दिवसांतलं दुसरं चित्र बघा. सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. पुण्याबाहेर, हडपसरच्या बाजूला, त्यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या वस्तीतलं एक आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं, असं सांगतात. त्यांचं वय तेव्हा पासष्टच्या पुढे. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यानंतर तीनच दिवसांनी रँडचे सोजीर शहरात शिरले. रोगी तिथेही घरातून हलवलेच जात होते. पण या दवाखान्यात त्याला ओळखीचं माणूस घेऊन येत होतं, हा फरक लहान नाही. टिळकांनी शहरात हिंदू प्लेग हॉस्पिटल काढलं, तिथेही लोक आपण होऊन जात.

बायकांच्या बाजूनं उघड बोलल्या त्या पंडिता रमाबाई. प्लेगच्या सरकारी दवाखान्यात बायकांना कशी वागणूक मिळते, ते त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या वर्तमानपत्रात लिहिलं. गव्हर्नरनं ते खोटं ठरवलं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळी विलायतेत होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर सोजिरांनी बायकांवर अत्याचार केल्याचं त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. परत आल्यावर सरकारनं पुरावा मागितला. पत्रं लिहिणारे मागे सरले. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली.

इथे आम्ही नेहमी थांबतो. तक्रार कोणापुढे करायची होती? ज्यांच्यावर तक्रार, तेच साहेब. वर चौथं कलम. आणि जिच्यावर बेतलं तिनं चारचौघांत नाव सांगून उभं राहायचं, मग तिला सासर-माहेर कुठलं उरणार? पुरावा आला नाही, म्हणून काही घडलंच नाही, असं आम्हाला तरी म्हणवत नाही. गावातल्या किती गोष्टी आजही अशाच बुडतात, ते तुम्हाला ठाऊक आहे.

पुढचं शाळेच्या पुस्तकात आहे. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड काही दिवसांनी. चापेकरांना फाशी झाली, टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगवास. पुस्तकात बायकांचा उल्लेख येतो तो एवढाच, की त्यांची अब्रू गेली म्हणून हे घडलं. त्यांना स्वतःला काय हवं होतं, ते कोणी विचारलं नाही.

मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल पेटली, तीही एका बारा वर्षांच्या मुलीला तपासायला नेण्यावरून. त्यानंतर मात्र सरकार नरमलं. झडत्या कमी झाल्या, लोकांना आपापले दवाखाने चालवू दिले. डॉ. हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस, जी त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली होती, ती मर्जीनं घ्यायची ठेवली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

तो चार कलमांचा कायदा पुढेही राहिला. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, तेव्हा आपल्या राज्यात तोच लागू झाला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले, आठवतं? आमच्या गावात शिक्का कोणाला नव्हता, पण मुंबईहून आलेल्या एका कुटुंबाच्या दारावर कोणीतरी पाटी लावली, आणि त्या घरच्या बाईला नळावर पाणी भरू देईनात. चार दिवस तिनं ताप लपवला. आशाताई आणि आमच्या गटातल्या दोघी पाण्याच्या कळशा घेऊन तिच्या अंगणात गेल्या, लांबूनच बोलल्या, पाटी काढायला लावली. मग तिनंच सांगितलं, ताप आहे म्हणून. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा ती स्वतःच्या पायानं चालत जाऊन बसली. तिची म्हैस पंधरा दिवस आम्ही आळीपाळीनं धुतली-काढली.