मूळ फियाट कोणती? कागदांवरून एक शोध

केंद्रीय मोटार वाहन नियमांत १५ जुलै २०२१ रोजी दुरुस्ती झाली आणि जुन्या मोटारींना त्या नियमांत स्वतंत्र जागा मिळाली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज वाहन, अशी व्याख्या आली. तिच्या पाठोपाठ अटही आली : गाडी मूळ रूपात राखलेली असावी, चासी, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत फेरफार झालेला नसावा. वसई-विरारमध्ये घरच्या अंगणात जुनी फियाट पुन्हा उभी करू पाहणाऱ्याला पाना हातात घेण्याआधी या अटीचा विचार करावा लागतो. मूळ रूप मिस्त्रीच्या आठवणीवरून ठरत नाही. ते कागदावरून सिद्ध करावे लागते, आणि फियाटच्या मागे कागद पुष्कळ आहेत.

सुरुवात ही गाडी जिथे बनली त्या मुंबईतल्या कुर्ल्यापासून करू. वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये काढली, तेव्हा तिचा करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी होता. पूर्ण तयार मोटारींच्या आयातीवर १९४९ मध्ये बंदी आली. पुढे १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना नव्हे, तर इथेच उत्पादनाचा कार्यक्रम हाती घेणाऱ्यांना परवानगी द्यावी. सरकारने ती मानली. शिवडीत १९२८ पासून चाललेला जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. प्रीमियर टिकली, कारण तिने फियाटचा हात धरला होता. इटलीत १९५३ मध्ये नव्या रूपात आलेली फियाट ११०० वर्षभरातच कुर्ल्यातून बाहेर पडू लागली. आपल्याकडे जिला ‘डुक्कर फियाट’ म्हणतात, ती हीच : गोल नाकाड, फुगीर अंग, आणि मधल्या खांबावर बिजागऱ्या असलेली पुढची दारे, जी उलटी उघडतात.

पुढे मॉडेले बदलत गेली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली, सरळ रेषांची, पुढची दारे पुढच्या बाजूला टांगलेली. १९७४ पासून गाडीचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. त्याआधी थोडा काळ ती ‘प्रेसिडेंट’ होती. म्हणून आरसी बुकातला निर्मात्याचा आणि मॉडेलचा रकाना आधी पाहावा. तिथे नुसते ‘फियाट’ लिहिले आहे की ‘प्रीमियर’, यावरून गाडीचा काळ बराचसा ठरतो. इंजिनाच्या क्षमतेवरून मात्र तो ठरत नाही. डिलाइटचा मूळ नमुना असलेल्या ११०० डी या मॉडेलला इटलीत १२२१ सीसीचे इंजिन मिळाले. इथल्या डिलाइटमध्ये आणि पुढे पेट्रोलवरच्या पद्मिनीतही १०८९ सीसीचेच राहिले. इटालियन पुस्तक समोर ठेवून डिलाइटचे इंजिन बांधायला बसलेला माणूस इथेच फसतो. त्याच्या गाडीचे मूळ रूप तुरीनचे नाही, कुर्ल्याचे आहे.

ही १०८९ ची संख्या येते कुठून, तेही पाहण्यासारखे आहे. सिलिंडरचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. गुणाकार करा, १०८९ येतात. झिजलेला ब्लॉक बोअर करून ०.६ मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन टाकले की तेच गणित सुमारे ११०९ वर जाते. आरसीत १०८९, प्रत्यक्षात वीस सीसी जास्त. हा फेरफार म्हणायचा का? माझ्या मते नाही. निर्मात्यानेच ओव्हरसाइज पिस्टनची सोय ठेवलेली असते. ही झीज भरून काढणारी दुरुस्ती आहे. पण ब्लॉकच बदलला तर त्यावर ठोकलेला क्रमांक बदलतो, आणि तिथे गाडी आणि तिचा कागद यांची फारकत होते. भंगार बाजारातून बिलाशिवाय उचललेला ब्लॉक ही या कामातली सगळ्यात महाग स्वस्ताई आहे.

वसईकरांच्या दृष्टीने यापेक्षाही अवघड प्रश्न पत्र्याचा आहे. फियाट ११०० ला वेगळी चासी नाही. जीपसारख्या गाडीत खाली लोखंडी चौकट असते आणि वर बॉडी बोल्टांनी बसवलेली असते. इथे तळ, दाराखालचे उंबरे, खांब आणि छप्पर मिळूनच सांगाडा होतो. नियमाने चासी आणि बॉडीचे कवच वेगवेगळे सांगितले, पण या गाडीत ती एकच वस्तू आहे. खाडी, मिठागरे आणि समुद्र यांच्या मधोमध वसलेल्या या पट्ट्यात गंज आधी तिथेच लागतो : मॅटखाली साठलेल्या पाण्याने तळ, आणि आतून पोकळ असलेले उंबरे. बाहेरून रंग शाबूत दिसतो, आणि जॅक लावला की पत्रा आत जातो. वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांत पत्रा वाकवून देणारे आणि वेल्डिंग करणारे भरपूर आहेत, त्यामुळे काम अडत नाही. मात्र जुना उंबरा कापण्याआधी मापे आणि छायाचित्रे घ्यावीत, त्याच जाडीचा पत्रा त्याच घडीने बसवावा आणि कापलेला तुकडा जपून ठेवावा. मूळ आकार परत आणणे आणि आकार बदलणे यांतला फरक पुढे व्हिंटेज नोंदणीसाठी तपासणी करणाऱ्या समितीला दाखवायचा, तर पुरावा हाच.

आता हौशी बदलांकडे. सगळ्यात आवडता बदल गिअरचा. जुन्या फियाटचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. १९८५ मध्ये आलेल्या प्रीमियर ११८ एनईचा गिअरबॉक्स बसवला की तो खाली येतो. पुढे कारखान्यानेही पद्मिनीच्या शेवटच्या आवृत्तीत हेच केले. म्हणजे शेवटच्या पद्मिनीत खालचा गिअर मूळ ठरतो आणि डिलाइटमध्ये फेरफार. डिझेलचेही तसेच : १३६६ सीसीचे डिझेल इंजिन नव्वदच्या दशकात पद्मिनीत कारखान्यातूनच आले, त्याआधीच्या गाड्यांत ते कोणीतरी नंतर घातलेले.

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते की, निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसीतल्या नोंदी विसंगत होतील असा बदल मालकाने करू नये. सीएनजीसारख्या दुसऱ्या इंधनाच्या किटला मात्र अटींसह वाट आहे. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. एकीकडे हा कायदा आणि दुसरीकडे २०२१ चे नियम, यांच्या मधली जागा अरुंद आहे. परत काढता येईल, भोक न पाडता बसेल, एवढाच बदल मी सुचवीन.

कागदांचा प्रवासही गुंतागुंतीचा असतो. पूर्वी मुंबईत नोंदलेली गाडी वसईत आली की पत्ता ठाण्याच्या परिवहन कार्यालयात बदलावा लागे. पुढे वसईला एमएच-४८ हा स्वतःचा क्रमांक मिळाला आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. नंबरप्लेटवर बीएमने सुरू होणारी तीन अक्षरे असतील, तर नोंदणी जुन्या मुंबई राज्याच्या मालिकेतली. व्हिंटेज नोंदणी केली तर हा क्रमांक जाईल अशी भीती अनेकांना वाटते. ती निराधार आहे. आधीच नोंदलेल्या व्हिंटेज गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. ‘व्हीए’ असलेली नवी मालिका फक्त नव्याने होणाऱ्या नोंदणीसाठी आहे. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, फेरनोंदणीचे पाच हजार, मुदत दहा वर्षे. त्या बदल्यात रोजचा वापर सोडावा लागतो : प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल यांसाठीच गाडी रस्त्यावर आणता येते. रविवारी अर्नाळ्याला फेरी मारायची, तर ती यात बसत नाही. ज्याला गाडी चालवायची आहे, त्याने नेहमीची नोंदणीच दर पाच वर्षांनी नूतन करत राहावे.

पद्मिनीच्या बाबतीत या कागदांचे मोल आणखी वाढते. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या वयाची मर्यादा वीस वर्षे असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून उतरली. त्या मर्यादेत कोणत्याही टॅक्सीला पन्नाशी गाठता येणार नव्हती. १९७४ च्या पहिल्या पद्मिनींची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. ज्या उरल्या, त्या खासगी मालकांनी घरी सांभाळल्या म्हणून. अशा गाडीचे आरसी बुक, कराच्या पावत्या, विम्याचे जुने कागद आणि काढून ठेवलेला मूळ गिअरबॉक्स, यांतले काहीही भंगारवाल्याला देऊ नये.